उतरणी

बडी सडकेच्या वळणावर देवानंदच्या सायकलची चेन पडली. ती बसवायला तो वाकला, बोटं तेलाने काळी झाली, आणि तेवढ्यात शेजारच्या लग्नाच्या मांडवावर टांगलेल्या कर्ण्यातून त्याला स्वतःची करंगळी ऐकू आली. दुसऱ्या कुणाला हे सांगून पटलं नसतं. उजव्या हाताची ही करंगळी मागे एकदा सोल्डरिंगच्या तापल्या दांडीने भाजली होती, आणि तेव्हापासून वाजवताना ती पट्टीवर जराशी रेंगाळूनच पडायची. बाकीची बोटं वेळेवर हजर, ही आपली मागून येणारी. तबकडीत ते रेंगाळणं तसंच राहून गेलं होतं आणि आता ते बडी सडकेवरच्या उन्हात सगळ्यांसमोर उघडं पडलं होतं. चेन हातात धरून तो तसाच वाकून राहिला. तबकडी बाजारात आली त्याला महिना उलटून गेला होता, आणि स्वतःच्या दुकानाबाहेर त्याने ती कुठेच ऐकली नव्हती. कुंडलिका नावाच्या तीन पोरांच्या रॉक बँडची तबकडी जालन्यात विकत घेऊन वाजवणार कोण? बँडमधला मच्छिंद्र म्हणायचा, लोक ती भाकरीवर झाकायला नेतील. आणि इथे ती भर वैशाखात परक्या माणसांच्या मांडवात वाजत होती आणि त्यावर लोक नाचत होते. पहिला विचार आला, आबांना सांगावं. त्याच्या पाठोपाठ दुसरा आला, की या तबकडीबद्दल आबा आपल्याशी बोलत नाहीत.

अबोला म्हणावा तर तोही नव्हता. मीठ दे, दार लोटून घे, आज ऊन फार हाय, एवढं आबा, म्हणजे त्याचे वडील तातेराव, बोलायचे. दुकानातून यायला उशीर झाला तर जेवायचे थांबायचे. पण तबकडीचा विषय निघाला, नुसती मच्छिंद्रची चाहूल लागली, की उठून बाहेर जायचे आणि लिंबाखालच्या दगडावर पाठ करून बसायचे. ती पाठ देवानंदला तोंडपाठ झाली होती. सदऱ्याखाली उजव्या खांद्याचं पाखं जरा वर आलेलं, खडी फोडून फोडून तसं झालेलं. त्याला फार काही नको होतं. बरं वाजवलंस, नाहीतर वाईट वाजवलंस, यांतलं काहीतरी एक. शिवी दिली असती तरी चाललं असतं. शिवी निदान ऐकून दिलेली असते. त्या तबकडीवर बाकी गाणी मच्छिंद्रने लिहिली होती, दुष्काळाची, रेल्वेफाटकाची, प्रेमाची. पण दुसऱ्या बाजूचं पहिलं, आत्ता वाजत असलेलं, ते देवानंदचं होतं, त्यात शब्द नव्हते, आणि खरं सांगायचं तर ते जगासाठी केलेलंच नव्हतं. ते एका माणसासाठी केलं होतं आणि तो माणूस पाठ करून बसला होता.

त्या माणसाने कधीकाळी सनई वाजवली होती. कुंभार पिंपळगावात लग्न असलं की वाजा यांचा, देवानंदच्या घरचा. तातेराव पुढे सनई धरायचे आणि त्यांचा धाकटा भाऊ कडूबा शेजारी चालत दुसऱ्या सनईवर नुसता सूर धरायचा, एकच, न तुटणारा. ज्याच्याकडे सूर त्याने थांबायचं नाही, पुढच्याचं संपेपर्यंत. देवानंदने हे डोळ्यांनी कधी पाहिलं नव्हतं. त्याला आठवत होता तो फक्त छप्पन सालानंतरचा एक दिवस. वस्तीने दीक्षा घेतली होती, गावकीची कामं सोडली होती, मेलेलं ढोर ओढायचं नाही, कुणाच्या दारात वाजा वाजवायचा नाही, असं ठरलं होतं, आणि लोकांनी घराघरांतली डफडी, सनया, झांजा आणून पिंपळाखाली ढीग घातला होता. मग एकेक उचलून विहिरीत टाकलं. डफडी आधी तरंगली, मग बुडली. कुणीतरी हसलं, कुणीतरी रडलं. कडूबाने आपली सनई टाकली, पण त्या ढिगात आबांची सनई नव्हती. ते हात बांधून कडेला उभे होते. पोरवयातल्या देवानंदने त्याचा आपल्यापुरता अर्थ लावून टाकला, की आबांना सनई टाकवली नाही, त्यांनी ती कुठेतरी लपवून ठेवली. पुढे कितीतरी वर्षं तो ती शोधत होता. ट्रंकेत, आढ्यावर, कणगीमागे. सापडली नाही, पण अर्थ मात्र पक्का झाला. आबांचं एक मोठं सुख होतं आणि ते त्यांनी सगळ्यांच्या मानासाठी सोडलं, मुकाट्याने. या अर्थावर देवानंद वाढला. त्याला त्याचा अभिमान होता आणि त्या अभिमानाच्या पोटात एक रुखरुख होती, की ते सुख परत आणून द्यायचं. कुणाच्या दारात उभं न राहता, पुढे न चालता, मान न वाकवता. आपल्या घरी, विजेवर.

आणि ती चाल तर त्याच्याजवळ होतीच. तातेराव काम करताना ती नाकातल्या नाकात गुणगुणायचे. गुणगुणतोय हे त्यांना स्वतःला कळायचं नाही. बहात्तरच्या दुष्काळात सगळं घर खडी फोडायला अंबडच्या रस्त्यावर गेलं होतं, तेव्हा हातोड्याच्या ठोक्यावर ती चाल तासन्‌तास चालायची. वर चढायची, एका जागी वळायची, हळूहळू खाली यायची, आता पूर्ण होणार असं वाटायचं, आणि नेमकी तिथून उलटी फिरून पुन्हा सुरुवातीला जायची. पुन्हा, पुन्हा. देवानंद शेजारी बसून धोंडे फोडायचा, तोंडात धूळ, पापण्यांवर धूळ, डोक्यावर ऊन टणटणायचं, आणि त्या चालीत मात्र सावली असायची. ही आबांची आवडती चाल, यात त्याला शंका नव्हती. इतकी वर्षं जी जिभेवरून जात नाही ती आवडतीच असणार. यात विचारायचं ते काय?

विजेवर वाजणारं यंत्र त्याने स्वतः बांधलं होतं. स्टेशन रोडवर त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान, तिथे कुणीतरी टाकून गेलेल्या एका मासिकात त्याचा नकाशा छापलेला होता. मोडक्या हार्मोनियमच्या पट्ट्या, हैदराबादहून गाडीने आणवलेले सुटे भाग, आणि पत्र्याची एक पेटी. माय तिला वायरची पेटी म्हणायची. सुरुवातीला ती नुसती ओरडायची. शेजारची कोंबडी घाबरून छपरावर जायची. मग एक दिवस संध्याकाळी एक बटण फिरवताना त्या ओरडण्यातून अचानक सनईसारखं काहीतरी निघालं. सनई नव्हे, पण सनईला माहीत असलेलं काहीतरी. देवानंदच्या अंगावर काटा आला. मिशनच्या आवारात राहणारा सॅम्युअल ढोल वाजवायचा, मच्छिंद्रने गिटार पैदा केलं होतं, आणि तिघांनी मिळून जिनिंगच्या एका बंद गोदामात वाजवायला सुरुवात केली. अंगाखांद्यावर सरकी चिकटायची. मच्छिंद्र मेंढपाळाच्या घरातला, कॉलेजात दोनदा नापास झालेला, गळा मात्र असा की लांब रानात हाक मारावी. त्याच्याच ओळखीने मुंबईच्या एका कंपनीने त्यांना ऐकलं आणि स्टुडिओ दिला.

स्टुडिओची आठवण देवानंदला नेहमी थंडीनेच सुरू व्हायची. बाहेर घामाच्या धारा आणि आत दातावर दात वाजतील असं गार. भिंतींना गाद्या लावलेल्या. बोललेलं तोंडापुढेच पडायचं, परत यायचं नाही. आपल्या श्वासाचा आवाज एवढा असतो हे त्याला तिथे कळलं. कोपऱ्यात मखमली कापडाखाली एक परदेशी सिंथेसायझर होता आणि रेकॉर्डिस्ट, एक म्हातारेसे गृहस्थ, चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "लाव हात, चावत नाही." त्या यंत्राला एक करामत येत होती. एखादी ओळ शिकवली की ती तो आपली आपण म्हणत राहायचा, बोट काढलं तरी. देवानंदने आबांची चाल त्याला शिकवली. वर चढली, वळली, खाली आली, आणि शेवटी येऊन उलटी फिरली. मग तो नुसता बसून ऐकत राहिला. यंत्र एकटंच गुणगुणत होतं, थकत नव्हतं, आणि वर त्याची स्वतःची पत्र्याची पेटी सनईच्या आवाजात त्याच्याबरोबर चालली होती, तिच्यात ती रेंगाळणारी करंगळी. सॅम्युअलने ढोल ठेवून दिला आणि लोखंडाच्या तुकड्यावर लोखंड मारलं, खडीच्या ठोक्यासारखं. ते देवानंदनेच सांगितलं होतं. रेकॉर्डिस्टनी काचेपलीकडून विचारलं, "याचा शेवट कुठाय?" देवानंद म्हणाला, "शेवट न्हाई साहेब. ही अशीच हाय. फिरतच राहते." ते म्हणाले, "मग आपण आवाज हळूहळू बारीक करत नेऊ. लांब गेल्यासारखं वाटेल." आणि त्यांनी तसं केलं. आवाज दूर दूर गेला. मच्छिंद्रने डोळे पुसले आणि थंडीवर ढकललं.

तबकडीचं नाव ठेवलं ‘बिनपावसाचे दिवस’. मागच्या बाजूला, त्या चालीपुढे, देवानंदच्या आग्रहाने छापलं होतं: चाल, तातेराव, कुंभार पिंपळगाव. प्रकाशन म्हणजे काय, तर दुकानासमोर सतरंजी, चहा, हार, आणि ओळखीची माणसं. आबांना नवं धोतर नेसवून पहिल्या रांगेत बसवलं होतं. त्यांनी कव्हर हातात घेतलं. रात्रशाळेत शिकलेले; अक्षराखाली बोट ठेवून वाचायचे. बोट स्वतःच्या नावापाशी आलं आणि थांबलं. गावाच्या नावापाशी आलं आणि थांबलं. मग देवानंदने सुई ठेवली. पहिल्या फेरीला तातेरावांनी मान वर केली. दुसऱ्या फेरीला ओठाशी नेलेला कप पुन्हा बशीत ठेवला. तिसऱ्यांदा चाल शेवटापाशी येऊन उलटी फिरली तेव्हा ते उठले, चहा नव्या धोतरावर सांडला, आणि ते माणसांमधून वाट काढत, पायात चपला न घालता निघून गेले. देवानंदने तेव्हाही अर्थ लावला. अर्थ लावण्यात तो तरबेज होता. ज्या वाज्याची लाज वाटून वस्तीने विहीर भरली, तो मी नावगावासकट छापून चारचौघांत मांडला. आबांना तो घाव लागला. चूक झाली खरी, पण सूर तर बराबर होते ना, आबा? चालीत तर काही चूक नव्हती ना? हा प्रश्न तो महिनाभर त्या पाठीला विचारत होता, मनातल्या मनात.

"या की आत. उन्हात काय उभे?" मांडवातून एक फेटेवाले गृहस्थ बाहेर आले होते, मुलाकडचे असावेत. देवानंदने चेन दाखवली. ते म्हणाले, "बसंल ती. जेवून घ्या आधी. लग्नाच्या दारातून उपाशी जाऊ न्हाई."

"न्हाई, नको. ही तबकडी..." देवानंदने कर्ण्याकडे बोट केलं. "ही तुमच्याकडं कशी?"

"साउंडवाल्याची हाय. सकाळपासून पोरं हीच लावून राह्यलेत. दुसरं लावू देईनात. लई भारी हाय. संपतच न्हाई, मंग नाचणारे थांबतेत कुठं?" ते हसले. "सनई कुणाची हाय काय की. म्हातारा दिसतोय वाजवणारा. जुनी चाल हाय ही, वरातीची. आमच्याकडं घनसावंगीच्या बाजूला वाजायची. लई दिवसांनी ऐकली."

"सनई न्हाई ती. यंत्र हाय. विजेचं."

"असं व्हय?" फेटेवाल्यांना ते फारच आवडलं. "मंग बरंय की! वाजवणारा दमतच न्हाई म्हणा. आमच्या टायमाला त्या बिचाऱ्यांची गालफडं फुटायची, आन पोरं वरात काही दाराशी लागू द्यायची न्हाईत."

देवानंदही हसला. चेन बसवली आणि सायकलवर टांग टाकली. वरातीची चाल! आबांची आवडती चाल वरातीची होती, म्हणजे आनंदाचीच, आणि आज ती पुन्हा वरातीत वाजतेय, आणि वाजवायला कुणाला उन्हातान्हात पुढे चालावं लागत नाही. हेच तर सांगायचं होतं आबांना. या एका गोष्टीने सगळं नीट होईल, असं त्याला वाटलं. भीमनगरकडे जाताना कुंडलिकेच्या पुलावर त्याने हात सोडून सायकल चालवली, जे त्याने कित्येक वर्षांत केलं नव्हतं. खाली नदीत पाणी नव्हतं, गाढवं उभी होती. मागे कर्णा बारीक होत गेला, दूर दूर गेला, अगदी तबकडीत जातो तसा, आणि कुठे थांबला ते कळलं नाही.

घरात माय, चांगुणाबाई, एकटीच होती. ती दारात बसून ज्वारी पाखडत होती. देवानंदने सायकल भिंतीला लावली ती खाली पडली, तरी त्याने उचलली नाही. "माय, बडी सडकेवर लग्नात माझी तबकडी वाजून राह्यली! आबांची चाल. माणसं नाचून राह्यली त्याच्यावर. एक पाव्हणा म्हणला, वरातीची चाल हाय म्हणून. मला कधी सांगितलं न्हाई तुम्ही."

सूप थांबलं. माय त्याच्याकडे बघत राहिली, आणि तिच्या चेहऱ्यावर जे यायला हवं होतं त्याऐवजी दुसरंच काहीतरी आलं. "नाचून राह्यलेत?" ती म्हणाली.

"हा."

"उतरणी वाजली का?"

"उतरणी काय असती?"

तिने सूप बाजूला ठेवलं. पदराने ओठ पुसले. मग ती बोलायला लागली ती त्याच्याकडे न बघता, ज्वारीकडे बघून. "वरात दाराशी लागली, नवरानवरी उंबऱ्यात उभी राह्यली, की चालीचं शेवटचं वाजवायचं. तिला उतरणी म्हणतेत. तोवर चाल नुसती फिरवायची. उतरणी झाली की वाजेवाले मोकळे. त्याच्या आधी वाजा थांबवायचा न्हाई, अपशकुन व्हतो. थांबवला तर मारायचे." तिने ज्वारीतला एक खडा काढून टाकला. "तुझ्या आधीची साखरा. तुला म्हाईत हाय."

देवानंदला माहीत होतं ते एवढंच, की आपल्या आधी एक बहीण होती आणि ती तापाने गेली. घरात तिचं नाव क्वचित निघायचं. तिचा फोटो नव्हता, कपडा नव्हता.

"पाटलाच्या पोराची वरात व्हती. तू पोटात व्हतास. साखरीला सकाळपासून ताप. तुझे आबा जाऊन राह्यले तर तिनं धोतर धरलं. म्हणले, उतरणी वाजवतो आन जल्दी येतो. दुपारून तिचे डोळे फिरले. मी शेजारच्या द्वारकाबाईला पिटाळलं. ती वरातीत घुसली, त्यांच्या कानात सांगितलं. त्यांनी पाटलाकडं पाह्यलं. पाटील म्हणला, वाजव. मंग पोरांनी वरात दाराशी आलेली माघारी फिरवली, नाचायला. पुन्हा दाराशी आली, पुन्हा फिरवली. मला घरात बराबर ऐकू येऊन राह्यलं व्हतं, वरात कुठं आली, कुठून वळली. चाल खाली यायची, मला वाटायचं, आता उतरणी. आता येतील. आन पुन्हा पहिल्यापासून. मी साखरीला म्हणून राह्यले, ऐक, आबा आले, ऐक. कधी गेली ते मला कळलंच न्हाई. मांडीवर घेऊन मी उतरणीची वाट पाहून राह्यले व्हते."

बाहेर लिंबाची पानं हलली. देवानंद खाली बसला तेव्हा हाताला ज्वारीचे दाणे लागले आणि तेलाचे काळे डाग त्यांना लागले.

"दुसऱ्यांदा द्वारकाबाई गेली, पोरगी गेली म्हणून सांगायला. तेव्हा त्यांनी सनई पाटलाच्या दारात टाकली आन पळत आले. उतरणी वाजवलीच न्हाई. मंग लोकांनी मारलं. कडूबानं सूर धरून ठेवला व्हता तेवढा वेळ, वाजा पुरता थांबला न्हाई, म्हणून निदान जीव वाचला. दीक्षा घेतल्यावर साऱ्यांनी वाजा टाकला. यांच्याजवळ टाकायला काय व्हतं?" ती पुन्हा सुपाकडे वळली, पण सूप उचललं नाही. "त्या दिशी तू दुकानात तबकडी लावलीस. मी मागं बायांत बसल्ते. देवानंद, एवढी वर्षं झाली रे. पण चाल खाली आली आन मी पुन्हा वाट पाहात बसले."

देवानंदच्या मनात जे चाललं होतं त्याला विचार म्हणता येत नव्हतं. खडीच्या रस्त्यावरची ती सावली, ती कुठून आली होती? शेवटापाशी येऊन फिरणारी ती चाल आवडीने जिभेवर राहिली नव्हती. ती अडकली होती. आबा वीस-पंचवीस वर्षं त्या वरातीतच चालत होते, खडी फोडताना, जेवताना, लिंबाखाली बसताना, आणि त्यांना कुणी दाराशी लागू देत नव्हतं. आणि मुंबईच्या गारठ्यात आपण काय केलं, तर यंत्राला तेवढंच शिकवलं. बोट काढलं तरी थांबू नकोस म्हणून. शेवट न्हाई साहेब. एवढ्या खात्रीने सांगितलं. कितीतरी घरांत, कितीतरी मांडवांत आता ते फिरत राहणार होतं. त्याला हुंदका आला नाही. नुसतं छातीत काहीतरी वर चढत होतं, वळत होतं, खाली येत होतं, आणि बाहेर पडत नव्हतं. कोपऱ्यात जुन्या लुगड्याखाली त्याची पत्र्याची पेटी होती. ती फोडून टाकावी असं त्याला वाटलं, आणि उठून तो तिच्यापाशी गेलासुद्धा. लुगडं काढलं. वायर लावली. लाल दिवा लागला. मग त्याने फोडली नाही. भाजलेली करंगळी बाजूला ठेवून त्याने पहिल्या बोटाने एक पट्टी दाबली आणि दाबूनच ठेवली.

नुसता सूर. न हलणारा, न तुटणारा. घर त्याने भरून गेलं. दिवेलागण होत आली होती आणि तातेराव नळावरून पाणी घेऊन आले होते. दारात घागर ठेवल्याचा आवाज आला. देवानंदने वळून पाहिलं नाही. आता ते बाहेर जातील, लिंबाखाली बसतील. पावलं दारात थांबली होती. बोट दुखायला लागलं, पण त्याने उचललं नाही. आपल्याकडे सूर आहे, आपण थांबायचं नाही, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. बऱ्याच वेळाने मागून आवाज आला.

"जरा खाली घे. कडूबा एवढा चढा धरत नव्हता."

देवानंदने डाव्या हाताने बटण फिरवलं. सूर उतरत गेला. "हा," तातेराव म्हणाले, आणि त्याच्या शेजारी जमिनीवर बसले. त्यांच्या सदऱ्याला घागरीच्या पाण्याचा ओला वास होता. मग त्यांच्या नाकातून ती चाल सुरू झाली, आधी कामाच्या वेळची असायची तशीच, बारीक, स्वतःलाही न कळणारी. वर चढली. वळली. खाली आली, शेवटापाशी आली, आणि उलटी फिरून सुरुवातीला गेली. देवानंदने डोळे मिटले. दुसरी फेरी. त्यांचं तोंड आता उघडलं होतं, आवाज घशातून येत होता, फाटका, गालफडं हलत होती. चाल पुन्हा खाली आली, त्या जागी आली, आणि थांबली. श्वास घेतल्याचा आवाज आला. पुन्हा एक श्वास. सूर एकटाच चालू होता. 

मग तातेराव पुढे गेले. पुढचं अगदी थोडं होतं. मोजके सूर, साधेच, कुणालाही आले असते असे. ते हळूच खाली आले आणि जिथे यायचं तिथे येऊन टेकले. एवढंच होतं ते. एवढंच राहिलं होतं.

दाराशी बसलेली चांगुणाबाई उठली. तिने पदर डोक्यावर घेतला, माठातून तांब्या भरला आणि बाहेरून आलेल्या माणसापुढे धरावा तसा नवऱ्यापुढे धरला.

"आले का?" ती म्हणाली.

तातेरावांनी तांब्या दोन्ही हातांनी घेतला. "आलो," ते म्हणाले. "लई उशीर झाला."

देवानंदचं बोट अजून पट्टीवरच होतं.